एका बॉयलरची दोन घरं

माझी आई नॉरीन थंडीला सटवी म्हणायची. "आली बघ सटवी. उंबऱ्यावरच अडवा तिला, एकदा आत शिरली की मार्चपर्यंत बूड हलवत नाही." तिचं लहानपण आणि लग्नानंतरची पहिली वर्षं इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये, खाली नदीकाठी, पोलादाच्या कारखान्याला पाठ लावून उभ्या असलेल्या चाळवजा घरांत गेली. तिथे कोळशाची शेगडी एकाच खोलीत असायची. झोपायच्या खोलीत काचेवर आतून बर्फ धरायचं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, कॉलिन. तो त्या खोलीत छातीच्या दुखण्यानं गेला. आई त्याच्याबद्दल फारसं बोलायची नाही, थंडीबद्दल मात्र बोलत राहायची.

म्हणून टेकडीवरच्या हॅगथॉर्न फ्लॅट्समध्ये आम्हाला पालिकेचं घर मिळालं तेव्हा तिनं खोल्या मोजल्या नाहीत, की स्वयंपाकघर पाहिलं नाही. सरळ भिंतीला लावलेल्या, गरम पाण्यानं खोली तापवणाऱ्या लोखंडी रेडिएटरपाशी गेली आणि त्यावर तळहात ठेवला. चटका बसला तसा ओढला आणि हसत सुटली. मी तेव्हा पाच वर्षांची होते. आईला असं एकटीच हसताना मी पहिल्यांदा पाहत होते, त्यामुळे मला रडू आलं, असं ती सांगायची.

त्या फ्लॅट्सना घरोघरी शेगडी नव्हती, कोळसा नव्हता. उताराच्या टोकाला एक बॉयलर-घर होतं, त्याला उंच धुराडं. तिथे पाणी तापायचं आणि जमिनीखालच्या पाइपांमधून चारी इमारतींच्या घराघरांत फिरून परत जायचं. उबेचे पैसे भाड्यातच धरलेले. वेगळा हिशेब नाही, रेडिएटरला चावी नाही. सगळ्यांना सारखी ऊब.

आम्ही आलो त्याच आठवड्यात समोरच्या घरात इसिल्डा बेकफर्ड राहायला आली. मध्ये चार पावलांचा पॅसेज, तिचं दार आणि आमचं दार समोरासमोर. जमैकाहून येऊन तिला काही वर्षं झाली होती. ती इस्पितळात रात्रपाळीला आया होती, नवरा बसवर कंडक्टर. तोवर त्यांनी भाड्याच्या एका खोलीत रॉकेलच्या शेगडीवर दिवस काढले होते. आई चहाचा कप घेऊन ओळख करून घ्यायला गेली, तर दार उघडंच. रिकाम्या खोलीत ही बाई रेडिएटरला पाठ टेकून जमिनीवर बसलेली. अंगात कोट, डोक्याला टोपी, हातात मोजे.

"अहो बाई, कोट तरी काढा की," आई म्हणाली. "भाजून निघाल."

"थांबा जरा," इसिल्डा म्हणाली. "हे लोक माझी थट्टा तर करत नाहीत ना, ते आधी बघते. मी कोट काढला आणि यांनी ते बंद केलं तर?"

आईनं कप तिच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी बसली. तिथून पुढे 'अहो बाई' गेलं, 'अगं' आलं, आणि माझ्या तोंडी 'इसिल्डामावशी'.

त्या वर्षांचं मी काय सांगू! आम्ही पोरं जानेवारीत बनियनवर घरभर हुंदडायचो. बाहेर बर्फ पडलेलं असायचं, आणि जमिनीखालून जिथून मोठा पाइप जायचा तेवढीच पट्टी हिरवीगार, ओली, वाफाळलेली. टेकडीवरची सगळी मांजरं त्या पट्टीवर रांगेत पसरलेली दिसायची. बाया बाबागाड्या तिथेच उभ्या करून गप्पा छाटायच्या. प्रत्येक घरात पाइपाला लागून एक भिंतीतलं कपाट होतं, त्यात कपडे वाळायचे. इसिल्डामावशी त्यात पावाचं पीठ फुगायला ठेवायची आणि आल्याचं पेय आंबवायची. त्याच्या बाटल्यांची बुचं अधूनमधून उडायची, आणि माझे बाबा पलीकडच्या घरातून ओरडायचे, "इसिल्डा, गोळीबार थांबव, आम्ही शरण आलो!" तिच्या खिडकीत मिरचीचं झाड होतं. जमैकाची ती गोल, बुटकी, जहाल मिरची. यॉर्कशरमध्ये फेब्रुवारीत मिरच्या धरतात यावर आईच्या काटे-चमच्यांच्या कारखान्यात कुणाचा विश्वास बसेना. म्हणून आईनं एक नेली, आणि फोरमननं पैजेवर चावली. तो दुपारभर पाण्याच्या नळाखालीच होता.

सगळ्यात मोठा दिवस ऑक्टोबरातला. उन्हाळाभर बॉयलर बंद असायचा. मग एके दिवशी, कुठलीही सूचना न देता, पाइप वाजू लागायचे. आधी खालच्या मजल्यांवर ठक्, मग वर ठक् ठक्, मग भिंतीतून एखादा म्हातारा घसा साफ करतोय असा आवाज. पोरं जिन्यातून ओरडत धावायची, "आली! आली!" बाया रेडिएटरवर हात ठेवून वाट बघायच्या. ज्या घरात आधी गरम झालं ती बाई पॅसेजमध्ये येऊन सांगायची, जणू तिनंच पेटवलं होतं. आई त्या दिवशी काकवी आणि आलं घालून पार्किन केक भाजायची, आणि अर्धा समोर द्यायची. इसिल्डामावशी दरवर्षी म्हणायची, "आलं कमी पडलंय, नॉरीन." आई दरवर्षी म्हणायची, "मग घालत जा तुझं तू."

बाबा गेले तेव्हा आणि कंडक्टरकाका गेले तेव्हाही त्या दोघींनी एकमेकींना सावरलं. मी लग्न करून खालच्या गावात गेले. लग्न मोडल्यावर परत टेकडीवरच आले, दुसऱ्या इमारतीत घर घेतलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. त्या दोघींचं सगळं तसंच चालू होतं.

बिघडलं ते मीटरवरून.

बॉयलर म्हातारा झाला होता. पाइप गळायचे. पालिकेनं ते सगळं लटांबर एका कंपनीच्या हवाली करायचं ठरवलं, आणि कंपनी म्हणाली, घरोघरी मीटर लावू, जो जेवढी ऊब वापरेल तेवढे पैसे भरेल. यावर रहिवाशांची सभा भरली. आई मीटरच्या बाजूनं होती. ती तेव्हाही कारखान्यात जायची, काटे-चमच्यांना पॉलिश करायची. दिवसभर घर रिकामं, आणि पैसे मात्र सगळ्यांइतकेच. इसिल्डामावशीचं उलटं. रात्रपाळी करून ती दिवसा झोपायची. तिच्या झोपायच्या खोलीतून उभा मोठा पाइप जायचा, त्यामुळे तिथे इतकं गरम व्हायचं की खिडकी उघडल्याशिवाय डोळा लागायचा नाही. चावी नव्हती, मग दुसरं काय करणार?

आई उभी राहिली आणि म्हणाली, "मी घरी नसताना माझे पैसे जातात. आणि काही लोक भर जानेवारीत खिडक्या सताड उघड्या टाकून बसतात."

"काही लोक म्हणजे कोण, नॉरीन?" मागच्या रांगेतून इसिल्डामावशीचा आवाज आला.

"ज्याचं त्याला कळतं."

"नाव घे की. इतकी वर्षं माझ्या टेबलाशी जेवलीस, आता नाव घ्यायला जीभ जड झाली?"

"बरं, घेते," आई म्हणाली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग नेहमीच तयार असायचा. "तू. तुला तुझ्या घरात जमैका करायचा असेल तर खुशाल कर. पण माझ्या पैशांनी नको."

सभेत कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. ते हसू चांगलं नव्हतं. इसिल्डामावशीनं पर्स उचलली, कोटाची बटणं लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत, आणि गेली. आई उभीच होती. बसायचं विसरली होती.

मीटर लागले. त्यानंतर मात्र त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

लोकांना वाटायचं, जुन्या मैत्रिणींचं भांडण, नाताळापर्यंत मिटेल. कितीतरी नाताळ आले आणि गेले. दोघी समोरासमोर राहत होत्या, पण दार उघडायच्या आधी आतून कानोसा घ्यायच्या. एक बाहेर पडत असली की दुसरी थांबायची. मी इसिल्डामावशीकडे जायचे, आई काही म्हणायची नाही. फक्त परत आल्यावर भांडी घासता घासता विचारायची, "गुडघा कसा आहे?" कुणाचा, ते विचारायची गरज नसायची.

आणि मीटरनं आईचा फायदा झाला का? पहिली काही वर्षं थोडाफार झाला असेल. मग दर वाढले. बिलात असे आकडे यायचे की शाळेतल्या गणिताच्या बाई डोकं धरून बसल्या. ज्या उबेकडे कुणी कधी पाहिलंही नव्हतं, तिच्याकडे सगळे टक लावून पाहू लागले. आई एका खोलीतला रेडिएटर सोडून बाकी सगळे बंद ठेवायची. त्यांना आता चाव्या होत्या ना! बसची वाट बघत असल्यासारखी ती घरात कोट घालून बसायची. समोरच्या घरात इसिल्डामावशीही कोट घालून बसायची. मिरचीचं झाड कधीच वाळलं होतं.

तक्रार करायची तर कुणाकडे? गॅसचं किंवा विजेचं काही बिनसलं तर या देशात दाद मागायला कचेरी होती. आमची ऊब ना गॅसची, ना विजेची. आमचं गरम पाणी. मी फोन केला की ते म्हणायचे, हे आमच्या कक्षेत येत नाही. कंपनी बदलावी म्हटलं, तर पाइप एकच आणि त्याचा मालकही एकच. आई म्हणाली, "दुकान एकच, आणि दुकानदार बहिरा."

एका जानेवारीत बॉयलर पार बसला. ऊब नाही, नळाला गरम पाणी नाही. कंपनीच्या फोनवर ताटकळत ठेवून नुसती सनई वाजायची, म्हणजे सनईसारखंच काहीतरी. मी आईकडे गेले तर ती कोटासकट पांघरुणात. किटलीत पाणी उकळून मी रबरी पिशवी भरली आणि तिच्या पायाशी ठेवली. तिनं ती काढून माझ्या हातात दिली.

"समोर दे."

"आई, तुला..."

"मला काही होत नाही. तिचा गुडघा आहे. आणि कुणी दिली ते सांगू नकोस."

मी समोर गेले. इसिल्डामावशीनं पिशवी उलटीपालटी करून पाहिली. तिच्यावरचं विणलेलं कव्हर आईच्या हातचं होतं, आंधळ्यालाही ओळखू आलं असतं. तिनं विजेच्या शेगडीवरून भोपळ्याच्या सूपचं भांडं उतरवलं, झाकण घट्ट बसवलं आणि म्हणाली, "हे तुझ्या घरी ने. तुझ्या घरी म्हणजे कुठे ते तुला कळतंच. कुणी दिलं ते सांगू नकोस."

बॉयलर दुरुस्त होईपर्यंत मी त्या चार पावलांच्या पॅसेजमध्ये पोस्टमनसारखी ये-जा करत होते. मला हसूही यायचं आणि दोघींना बडवावंसंही वाटायचं.

त्यानंतर एका वसंतात सादिया आली. ग्राहकांना सल्ला देणाऱ्या संस्थेत काम करायची. आमच्याच शहरातली पोर, बोलणं अस्सल यॉर्कशरचं, तोंडाचा पट्टा आईच्या तोडीचा. ती घरोघर सांगत फिरली की सरकार कायदा आणतंय. एका बॉयलरवर चालणारी जेवढी घरं देशात आहेत, त्यांच्यासाठी. वीज-गॅसवर देखरेख करणारी कचेरी आता याच्यावरही देखरेख करणार. बिल माणसाला समजेल असं द्यावं लागेल. म्हाताऱ्या, आजारी माणसांची नोंद ठेवून आधी त्यांची काळजी घ्यावी लागेल. तक्रार ऐकली नाही तर वर दाद मागता येईल. पण नियम लिहिणाऱ्यांना प्रत्यक्ष राहणाऱ्या लोकांचं ऐकायचं होतं. त्यासाठी शहरात एक बैठक होती, आणि हॅगथॉर्नमधून कुणी बोलायला हवं होतं.

"आजी, तुम्ही येता?" तिनं आईला विचारलं.

"बोलायलाच ना? त्याचे कुणी पैसे लावले नाहीत अजून," आई म्हणाली.

सादियानं समोरचं दारही वाजवलं होतं, आणि तिथूनही होकार मिळवला होता. तिला बिचारीला काय ठाऊक! मला ठाऊक होतं, पण मी तोंड मिटून बसले.

बैठकीच्या दिवशी इसिल्डामावशीला सादिया तिच्या गाडीतून घेऊन गेली, मी आईला बसनं नेलं. खोलीत शिरल्यावर आईनं लांब टेबलाच्या त्या टोकाला बसलेली व्यक्ती पाहिली आणि माझ्याकडे वळली. तिच्या नजरेवरून आपली धडगत नाही हे मला कळलं. पण तोवर चष्मेवाले एक गृहस्थ हात पुढे करून आले होते, आणि परक्या माणसासमोर तमाशा करणं आईच्या शिस्तीत बसत नव्हतं.

गृहस्थ सभ्य होते. त्यांनी आईला म्हटलं, तुमचा अनुभव तुमच्या शब्दांत सांगा. घरून ती बिलांबद्दल बोलायचं ठरवून आली होती. मला बसमध्ये सगळं म्हणून दाखवलं होतं. पण तिनं टेबलावर हात ठेवले आणि भलतंच सुरू केलं.

"आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा माझ्या समोर एक बाई राहायला आली. मी चहा घेऊन गेले, तर ती रेडिएटरला टेकून जमिनीवर बसलेली. हिरवा कोट घालून. तो काढायला तयार नव्हती, कारण..."

"तपकिरी," टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

आई थांबली. सादियानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"हिरवा होता," आई म्हणाली. तिकडे न बघता.

"कोट माझा होता, नॉरीन. तपकिरी. हिरवा घ्यायची ऐपत कुठे होती माझी?"

"हिरवाच. आणि टोपी लाल."

"टोपी लाल, हे बरोबर."

चष्मेवाले गृहस्थ घुटमळले. "आपण दोघी एकमेकींना ओळखता का?"

"हो," आई म्हणाली.

"नाही," इसिल्डामावशी म्हणाली.

खोलीत कुणीतरी खोकलं. आई घोटभर पाणी प्यायली आणि तिचा आवाज उतरला. "साहेब, आधी एक सांगते. मीटर मी मागितले होते, हिनं नाही. आणि त्या सभेत मी हिला एक वाक्य..."

"ते इथे नको," इसिल्डामावशी लगेच म्हणाली. आवाज करडा होता, पण हात हलला होता, टेबलावरून थोडासा पुढे. "ते यांच्या कामाचं नाही. इथे गरम पाण्याचं बोल."

मग आई गरम पाण्याचं बोलली. कॉलिनचंही बोलली. परक्या माणसांपुढे त्याचं नाव घेताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "थंडीनं मूल गेलेलं घर मी पाहिलंय," ती म्हणाली, "म्हणून हे काही चैनीचं बोलत नाही मी." इसिल्डामावशी बोलली ती बॉयलर बसला त्या जानेवारीबद्दल. "मी जन्मभर इस्पितळात काम केलं," ती म्हणाली. "पेशंटनं घंटी वाजवली की आम्ही जायचो. दर वेळी औषध असायचं असं नाही, पण जायचो. या लोकांकडे घंटीच नाही. आम्ही वाजवायचं काय?"

गृहस्थ लिहीत होते. मध्ये त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं ऐकलं.

परतताना सादियाच्या गाडीला इसिल्डामावशीनं नको म्हटलं. बसस्टॉपवर आमच्यापासून थोडी लांब उभी राहिली. बस आली. आई खिडकीशी बसली, शेजारी तिनं पर्स ठेवली. मी मुद्दाम मागे जाऊन बसले. इसिल्डामावशी चढली, तिकीट दाखवलं, आणि आईच्या सीटपाशी थांबली.

"पर्सचं तिकीट काढलंयस का?"

आईनं पर्स मांडीवर घेतली. बस टेकडी चढायला लागली. मी पुढे वाकून ऐकत होते, लाज सोडून.

"ते वाक्य," आई म्हणाली.

"माहीत आहे."

"मला उकाडा म्हणायचं होतं, इसिल्डा. तुझ्या घरात गरम असतं, एवढंच."

"मला माहीत होतं. त्याच वेळी माहीत होतं. पण बाकीचे का हसले तेही मला कळलं, आणि तुलाही कळलं."

"हो," आई म्हणाली. "कळलं. म्हणून तुझ्या दारावर हात उठला नाही माझा. वाटायचं, काय तोंडानं जाऊ?"

"हेच तोंड आणायचं होतं. दुसरं कुठून आणणार होतीस?"

मग इसिल्डामावशी म्हणाली, "तुझ्या त्या पिशवीच्या कव्हरात दोन टाके सुटलेत. मी घातलेत." आईनं रुमाल काढला. मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

कायदा यायला पुढे बराच काळ लागला. सरकारचं काम, ते काय तव्यावरची पोळी आहे? पण आला. बिलं बदलली. आता त्यात काय वापरलं आणि काय लावलं ते कळतं. दर फार उतरले असं मी म्हणणार नाही. फोनवर सनई अजून वाजते, पण तिच्यामागे माणूस असतो, आणि त्यानं ऐकलं नाही तर पुढे कुणाला सांगायचं ते माहीत असतं. कंपनीनं एका मुलीला पाठवून म्हाताऱ्यांची नोंद करून घेतली. पुढच्या हिवाळ्यात पाइप फुटला तेव्हा अंधार पडायच्या आत दोघींच्या दारात विजेचे हीटर येऊन पोचले होते. आईनं ते आणणाऱ्याला आत बोलावून चहा पाजला आणि विचारलं, "तुम्हाला कुणी ओरडलं म्हणून आलात, की आपण होऊन?" तो प्रामाणिक होता. म्हणाला, "ओरडतील म्हणून, आजी." आई म्हणाली, "चालेल."

पण मला आठवतं ते या हिवाळ्यातलं. मी शाळेतून सुटून आईकडे गेले, तर तिच्या घराला बाहेरून कुलूप. समोरचं दार ढकललं. दोघी इसिल्डामावशीच्या बैठकीत, गुडघ्यांवर एकच गोधडी, टीव्ही चालू, लक्ष दोघींचंही नाही. एवढ्यात आईचा मोबाइल वाजला. तिनं तो नेहमीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

कंपनीची मुलगी होती. आवाजावरून अगदी कोवळी. म्हणाली, "नॉरीनमॅडम, तुमच्या मीटरवर गेले काही दिवस काहीच वापर दिसत नाही. थंडी खूप आहे. नव्या नियमांप्रमाणे आम्हाला विचारावं लागतं, तुम्ही बऱ्या आहात ना? पैशांची अडचण आहे का?"

आईनं टीव्हीचा आवाज कमी केला. इतक्या वर्षांत त्या कंपनीनं आपण होऊन तिला काही विचारलं नव्हतं.

"बरी आहे, पोरी," ती म्हणाली. "मेलेबिले नाही. मी समोर आहे."

"समोर म्हणजे?"

"समोरच्या घरात. एका बॉयलरवर दोन घरं कशाला तापवायची? या आठवड्यात आम्ही इसिल्डाकडे, पुढच्या आठवड्यात माझ्याकडे."

"म्हणजे इसिल्डामॅडमचा मीटर पुढच्या आठवड्यात बंद दिसेल?"

"हो. तेव्हा तिला फोन कर. तिलाही जरा कुणी विचारलं तर बरं वाटेल."

"मला काही नकोय," इसिल्डामावशी मोठ्यानं म्हणाली. "तिला सांग, सूप गार होतंय."

मुलगी हसली. नोंद करून घेते म्हणाली. आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "लिनेट, माझा वाचायचा चष्मा घरी राहिलाय गं. पलंगाशेजारी असेल. आण जा."

मी किल्ली घेऊन पॅसेज ओलांडला. दार उघडलं आणि थंडीचा लोट अंगावर आला. दिवा लावला. श्वासाची वाफ दिसली. जिथे मी बनियनवर धावले, जिथे बाबा रविवारी उघड्या अंगानं पेपर वाचत बसायचे, त्या खोलीत मी कोटाची कॉलर वर केली. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आत हात घातला. का घातला, कोण जाणे. पाइप गार होता. कपाटात आईची दोन ब्लँकेटं घडी करून ठेवलेली होती आणि जुन्या साबणाचा वास येत होता. मी तशीच थोडा वेळ उभी राहिले. त्या घरातली सगळी माणसं एकेक करून डोळ्यांपुढून गेली. कॉलिनला तर मी पाहिलंही नव्हतं, तरी तोही आला.

पलीकडून दोघींचे आवाज येत होते. टीव्हीवरचा कुठला तरी नट मेला आहे की जिवंत आहे यावरून जुंपली होती. आई म्हणत होती मेला, इसिल्डामावशी म्हणत होती परवाच पाहिला.

मी चष्मा घेतला, दिवा मालवला, कुलूप लावलं आणि समोर गेले.